दोन आष्ट्या आणि एक शिंपला

कोकणातली मुलगी शिंपला शोधायला मराठवाड्यात गेली होती, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मी थट्टा करते आहे का, ते बघायला थांबतात. निघताना आईनेही विचारलं होतं, समुद्र दाराशी असताना तू जातेस कुठे? तिला मला नीट सांगता आलं नव्हतं. आता बरीच वर्षं झाली. तेव्हा गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ नुकते लागत होते आणि मी समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते.

शिंपला म्हटल्यावर हाताएवढं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. माझा शिंपला ज्वारीच्या दाण्याहून लहान होता. हजार मीटरच्याही खाली, जिथे उजेड पोचत नाही, तिथल्या चिखलात राहणारा. गोलसर, फुगीर, पांढरा, अंगावर बारीक कड्यांसारख्या रेघा. बाहेरून असे दहा प्रकारचे दिसतात. खरी ओळख पटते ती आत, शिंपल्याच्या दोन झडपा जिथे जोडलेल्या असतात त्या बिजागरीत. तिथे फणीसारखे दात एका ओळीत असतात. काही प्रकारांत ही ओळ मधोमध तुटते आणि त्या जागी एक खळगी असते. झडपा उघडणारा रबरासारखा तुकडा त्या खळगीत बसतो. काही प्रकारांत खळगी नसते. दात मधे अगदी लहान होत जातात, पण ओळ तुटत नाही. खळगी आहे की नाही, एवढ्यावर त्याचं सगळं घराणं ठरतं.

माझ्याकडच्या बाटलीत नऊ झडपा होत्या. पाचांत खळगी दिसायची, दोनांत दिसायची नाही, आणि उरलेल्या दोनांत दर दिवशी वेगळं दिसायचं. सकाळी मी वहीत 'आहे' लिहायचे आणि दुपारी खोडून 'नाही'. माझ्या मार्गदर्शकांचं, म्हणजे सरांचं मत होतं की खळगी आहे आणि म्हणून हा शिंपला आजवर कुणी न नोंदवलेला आहे. माझ्या प्रबंधाचं सर्वांत मोठं प्रकरण त्यावर उभं होतं. आम्ही परदेशातल्या एका जाणकारांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: शिंपले झिजलेले वाटतात, चांगला नमुना असेल तर पाठवा.

चांगला नमुना नव्हता. पण प्रयोगशाळेतल्या भांडारातला जुना माणूस बोलता बोलता म्हणाला की, तो चिखल संशोधनाच्या जहाजावर धुवायला खरात असायचा आणि खरात चाळणीतले चिमूटभर शिंपले तपकिरीच्या डबीत टाकायचा. हे किसन खरात पंधरा वर्षं जहाजावर होते. मग पाय दुखावला म्हणून नोकरी सोडून गावी गेले. रजिस्टरमध्ये त्यांचा पत्ता होता 'मु. पो. आष्टी'. पुढची शाई पाण्याने पसरली होती. मी नकाशात आष्टी शोधली, सापडली, आणि निघाले.

आष्टी, पहिली

नगरच्या पुढे एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने विचारलं, आष्टीच ना? मी म्हटलं, आष्टीच. आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

उतरले तेव्हा समोर सगळं उघडं होतं. आमच्याकडे दहा पावलांच्या पुढचं झाडांमुळे दिसत नाही. इथे नजर जायची तिथपर्यंत जमीन, तिच्या टोकाला एक बुटकी टेकडी आणि मधे काहीच नाही. अशा मोकळ्या जागी मला कुणीतरी माझ्याकडे बघत असल्यासारखं वाटत राहतं. पोस्टात गेले. पोस्टमन म्हणाले, खरात आहेत की, बाजारपेठेतच आहेत, चला. त्यांनी सायकल हातात धरली आणि माझ्याबरोबर चालत आले.

ते खरात शिंपी निघाले. मी म्हटलं, मी शिंपल्यांसाठी आले आहे. त्यांनी जराही आश्चर्य दाखवलं नाही. बायकोला चहा ठेवायला सांगितलं, मशीनचा खण ओढला आणि एक डबा माझ्यापुढे उपडा केला. त्यात बटणं होती. जुन्या सदऱ्यांना लावायची, शिंपल्याची, चमकणारी. म्हणाले, आता कुणी मागत नाही, तुम्हाला किती पाहिजेत? सवयीने मी भिंग काढलं आणि एक बटण पाहिलंसुद्धा.

मग जहाजाचं विचारलं, तर ते म्हणाले की आपण नगरच्या पुढे कधी गेलेलो नाही. चहा पिताना पोस्टमनच्या ध्यानात आलं. "ताई, तुमची आष्टी परतूरची असंल. जालना जिल्हा. ही बीडची."

महाराष्ट्रात आणखीही एक-दोन आष्ट्या आहेत, हे त्यांनीच मला सांगितलं. शिंप्यांनी निघताना एक बटण माझ्या हातावर ठेवलं. कशाला, ते मला कळलं नाही आणि नको म्हणायचंही जमलं नाही.

आष्टी, दुसरी

रात्र बीडला काढून सकाळी माजलगाव आणि तिथून परतूरच्या गाडीत बसले. गोदावरी लागली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी खिडकीतून हात जोडले आणि मला म्हणाल्या, जोडा की. मी जोडले. आमच्या नद्या घाईत असतात, समुद्र जवळ असतो ना. ही नदी रुंद आणि संथ होती, वाळू जास्त आणि पाणी कमी, आणि तिला कुठे जायचंय याची काही खूण दिसत नव्हती. पलीकडची माती काळी होती. माती इतकी काळी असते हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी पुन्हा पुन्हा बघत राहिले. शाळू ज्वारीची कणसं भरली होती.

आष्टीला बाजार भरला होता. मिरचीच्या ढिगांशेजारी एक बाई सुकट आणि बोंबील घेऊन बसली होती. समुद्रापासून इतक्या दूर तो वास आला आणि मला एकदम घरी पोचल्यासारखं झालं. मी तिच्याजवळ उकिडवी बसून सुकटीत बोट फिरवू लागले. तिने विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, नुसतं बघते. ती म्हणाली, सुकटीत काय बघायचं असतं. बरोबर होतं तिचं.

खरातांचं घर लगेच सापडलं. दारात त्यांचे धाकटे भाऊ नामदेवराव बसले होते. त्यांनी विचारलं, ऑफिसातून आलात का? मी हो म्हटलं. त्या एका 'हो'ने काय झालं ते मला संध्याकाळी कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांचा चेहरा मिटला. दादा इथं नाहीत, एवढंच म्हणाले. कुठे आहेत, ते सांगेनात. तरी उन्हाची आलेली बाई म्हणून त्यांच्या बायकोने मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि मिरचीचा ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ, ते कढत पाण्यात सोडलं की आमटी होते. आमच्याकडे नारळावाचून आमटी होते यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी तीन वाट्या प्याले. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्या बाई हसल्या आणि नामदेवरावांचा आवाजही थोडा सैल झाला.

"दादा पिंपळगावला राह्यलेत. कुंभार पिंपळगाव. पोरीकडं."

मी गाडीची वेळ विचारत होते, तेवढ्यात ते पायांत चपला सरकवून बाहेर गेले. मला वाटलं, माझ्यासाठी गाडीची चौकशी करायला गेले. ते एसटीडीवर गेले होते.

कुंभार पिंपळगाव

मुलीचं नाव सुजाता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. यजमान जालन्याला नोकरीला, रविवारी येणारे. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर किसनराव ताठ बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, छाटलेल्या पांढऱ्या मिशा. घरात एवढं तयार होऊन कुणी बसत नाही, हे मला जाणवलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मी नमस्कार केला, बसले, पाणी प्याले. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, मी येताना सगळं जमा करून आलो. कागदावर सही हाय माझी."

मी म्हटलं, काका, मी जमा करायचं काही न्यायला आले नाही. मला फक्त ते बारीक शिंपले बघायचेत, तुम्ही डबीत ठेवायचात ते. ते म्हणाले, मी काहीच आणलं न्हाई. भांडारातल्या माणसाने सांगितलं, असं मी म्हटलं. त्यांनी पुन्हा तेच वाक्य त्याच आवाजात सांगितलं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि जराही हलत नव्हते.

मी गोंधळले. हा माणूस खोटं बोलेल असा दिसत नव्हता आणि खरं बोलतोय असंही वाटत नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी उठून भिंतीवरच्या तसबिरी बघू लागले. मधोमध बुद्धाची तसबीर होती. मस्तकाभोवतीच्या प्रभावळीवर साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके कुणीतरी नीट गोलात चिकटवले होते. जवळ गेले. काचेला नाक लागेल इतकी जवळ. ठिपक्यांवर कड्यांसारख्या रेघा होत्या.

मागे वळले तेव्हा किसनराव माझ्याकडेच बघत होते. मी बघितलं हे त्यांनी बघितलं, आणि त्यांनी बघितलं हे मला कळलं. मी परत जागेवर येऊन बसले. बोलावं तर त्यांना खोटं पाडल्यासारखं होणार, न बोलावं तर मी इतक्या लांब आले कशाला. शेवटी मी इथल्या उन्हाबद्दल काहीतरी बोलले. तेही उन्हाबद्दल बोलले.

संध्याकाळची गाडी निघून गेली होती, म्हणून सुजाताताईंनी राहायचा आग्रह केला. स्वयंपाकघरात त्या भाकरी थापत होत्या आणि मी समोर लसूण सोलत होते. त्यांनी आपणहून विषय काढला. ते शिंपले आईने लावलेत, म्हणाल्या. बाबा सहा-सहा महिने दर्यावर असायचे. येताना काय आणू विचारलं की आई म्हणायची, तिथलं कायतरी आणा, मी तर दर्या बघणार न्हाई. शेवटच्या खेपेला बाबांनी ते शिंपले आणले. आईने बाभळीचा डिंक भिजवून, सुईच्या टोकावर एक एक शिंपला उचलून प्रभावळीवर बसवला. पुरा एक पावसाळा ती ते करून राह्यली होती. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

"मग ते नाही का म्हणतात?" मी विचारलं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "नोकरी सोडताना ऑफिसनं कागदावर सही घेतली. ऑफिसची कोणतीच वस्तू माझ्याजवळ न्हाई, असा कागद. ते बसलंय त्यांच्या मनात. कुणीतरी चौकशीला येईल म्हणून इतकी वर्षं वाट बघून राह्यलेत. आन् दुपारी काकाचा फोन आल्ता, की ऑफिसातली बाई येऊन राह्यली."

मी लसूण सोलायची थांबले. मी चौकशीला आलेली नाही, असं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ते मला कळलं, पण बाबांना तुम्हीच सांगा.

दुसरा दिवस

सकाळी ओट्यावर ऊन आलं होतं. किसनराव तिथे बसले होते. काय बोलायचं ते रात्री ठरवलं होतं, पण त्यांच्यासमोर गेल्यावर ते सगळं मला कागदावरच्या सहीसारखंच वाटायला लागलं. म्हणून काही न बोलता पिशवीतून बाटली काढली, चिमट्याने एक झडप काचपट्टीवर ठेवली आणि भिंगासकट ती पट्टी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंग घेतलं, थेट डोळ्याशी नेलं आणि पट्टी हळूहळू भिंगाकडे आणली. नवखा माणूस उलटं करतो, भिंग वस्तूवर धरून लांबून बघतो. मलाही हे शिकायला महिना लागला होता. पट्टी उन्हाकडे तिरपी करून ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्याला औषधानं खाल्लं," ते म्हणाले.

औषध म्हणजे फॉर्मलिन. नमुने त्यात बुडवून ठेवतात. ते आंबट असतं आणि शिंपला म्हणजे चुना, म्हणून त्यात आधी टाकणखार मिसळावा लागतो. नाही तर आंबटपणा शिंपला हळूहळू खात जातो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. किसनरावांनी ते मला त्यांच्या शब्दांत समजावून सांगितलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं, आणि खरं तर मला ते त्या नऊ झडपांना लावून बघायचं सुचलंच नव्हतं.

त्या फेरीला जहाजावरचा टाकणखार संपला होता. त्यांनी सांगितलंही होतं. त्या फेरीला जहाजावर असलेले माझे सरच म्हणाले होते, चालतंय, किनाऱ्याला लागलो की औषध बदलू. किनारा यायला बरेच दिवस लागले. तेवढ्यात शिंपले खडूसारखे व्हायला लागले. "मंग मी चिमूटभर गोड्या पाण्यात धुतले, वाळवले, कापसात घालून डबीत ठेवले. सरांना द्यायचे म्हणूनच ठेवले. आन् दुसऱ्याच दिवशी मी शिडीवरून पडलो."

पुढचं त्यांनी सपाट आवाजात सांगितलं. बंदराला लागल्यावर त्यांना दवाखान्यात नेलं. सामान कुणीतरी बांधलं आणि ते गावी पोचलं. डबी त्याच्यातच होती. कागद दवाखान्यातच सहीला आला. त्यांनी सही केली तेव्हा डबी आठवणीतही नव्हती. घरी आले तर बायकोने, कौसल्याबाईंनी, सामान उघडलेलं होतं.

"ती म्हणली, इतक्या वर्षांनी आणलं एकदाचं. बिलकुल लहान लेकरासारखी खूश झाल्ती. मंग मी काय सांगणार."

दारात काहीतरी हललं. सुजाताताई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही आईसाठी आणलेच नव्हते," त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"तिला म्हाईत होतं?"

"न्हाई. मी कधी बोललो न्हाई."

त्यांनी कप ओट्यावर ठेवले आणि आत गेल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण कुठे जायचं ते कळत नव्हतं. एका खळगीसाठी मी या घरात आले होते आणि चार वर्षांमागे गेलेल्या बाईंच्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. चहा थंड झाला. मी काका, राहू द्या, असं काहीतरी म्हणाले. मी निघते, असंही म्हणाले असेन.

तेवढ्यात सुजाताताई बाहेर आल्या. त्यांच्या हातांत तसबीर होती. भिंतीवरून उतरवताना त्यांनी हात जोडले असणार, कारण तसबीर ओट्यावर मांडल्यावर त्यांनी पुन्हा एकदा जोडले. मग मागचे खिळे सांडशीने काढले, काच उचलली आणि मला विचारलं, किती पाहिजेत?

मी म्हटलं, दोन. बघून परत लावू.

"मीच काढीन," त्या म्हणाल्या.

शिंपले फुगीर बाजू वर करून चिकटवले होते. म्हणजे मला हवी ती आतली बाजू, बिजागरीची, डिंकात बुडालेली होती. कापसाची वात पाण्यात भिजवून त्यांनी ती एका शिंपल्याच्या कडेला लावून धरली. डिंक विरघळायला वेळ लागला. सुईने त्यांनी शिंपला उचलला, पट्टीवर उताणा केला. मग दुसरा.

मी भिंग लावलं. पहिल्यात दातांची ओळ सलग होती. खळगी नव्हती. दुसऱ्यात ऐन मधोमध काळी, गोल, स्पष्ट खळगी होती.

एकाच डबीतले, एकाच चाळणीतले, एकाच बाईने लावलेले दोन शिंपले, एकात आहे आणि एकात नाही. प्रयोगशाळेतला गोंधळ मी पदराला बांधून इथपर्यंत आणला होता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. भिंग पुसून बघितलं. किसनरावांनी हात पुढे केला. त्यांनी दुसरा शिंपला बघितला, आतून वाटीभर कोमट पाणी मागवलं आणि तो त्यात सोडला.

"डिंक हाय त्याच्यात. डिंकात बुडबुडा हाय."

आम्ही तिघं वाटीभोवती बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी तो चिमट्याने काढला, बघितला आणि माझ्याकडे दिला. खळगी गेली होती. दात एका टोकाकडून लहान होत होत मधे येत होते, अगदी धुळीएवढे होत होते, आणि पुन्हा मोठे होत दुसऱ्या टोकाला जात होते. ओळ कुठेच तुटत नव्हती. जिथे ते सर्वांत बारीक होते, तिथेच बाटलीतल्या झडपांना औषधाने आधी खाल्लं होतं. माझ्या बाटलीतली खळगी म्हणजे तेवढं भोक होतं.

पुढे सरांनीही तो शिंपला मायक्रोस्कोपखाली अर्धा तास बघितला. माझं ते प्रकरण मागवून घेतलं आणि पहिल्या पानावर तिरपी रेघ मारली. मला पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. टाकणखाराचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना ते आधी आठवत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण त्या सकाळी ओट्यावर मला दुःख व्हायला हवं होतं आणि ते होत नव्हतं. किसनरावांनी विचारलं, ह्याला नाव काय? इतकी वर्षं त्यांनी हा शिंपला धुतला, पण नाव कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, खळगी नसेल तर हा टिंडारिया.

"टिंडा? भाजीचं नाव दिलं?" सुजाताताई म्हणाल्या. बापाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

"नवा न्हाई मंग," ते म्हणाले.

"नाही काका. शंभराहून जास्त वर्षं लोकांना माहीत असलेल्या घराण्यातला आहे."

त्यांनी मान हलवली. मग त्या दोघांनाही भिंगातून दात बघायचे होते. सुजाताताई खूप वेळ बघत राहिल्या. आईने हे कधी बघितलंच न्हाई, म्हणाल्या, तिनं तर पाठच वर लावली सगळ्यांची.

एक शिंपला त्यांनी ताजा डिंक लावून जागच्या जागी बसवला. दुसरा हातात घेतला आणि तो माझ्यापुढे धरला. तुमच्या सरांना दाखवायला लागेल की. मी म्हटलं, जागा रिकामी राहील. त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या.

पिंपळगावहून दुपारची गाडी होती. निघताना त्यांनी धपाटे आणि दही बांधून दिलं. मी पायांत चप्पल घालत होते तेव्हा किसनराव आतून एक वही आणि पेन घेऊन आले. "मॅडम, लिहून द्या. किसन खरात यानं शिंपला जमा केला म्हणून."

मी ओट्यावर बसून लिहिलं, एका शिंपल्याची एक झडप, श्री. किसन खरात यांनी जमा केला, मिळाला. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, पण वही मिटली नाही. बाकीचे तसबिरीत होते आणि त्यांच्याबद्दल कागद काहीच म्हणत नव्हता. त्यांना काय हवंय ते मला कळत होतं, ते कसं लिहायचं ते कळत नव्हतं. ते शिंपले सरकारी जहाजाने सरकारी चाळणीतून काढलेले होते.

सुजाताताईंनी बापाच्या हातातली वही घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाकीचे आईचे हायेत, असं लिहा."

मी लिहिलं, बाकीचे सर्व शिंपले दिवंगत कौसल्याबाई खरात यांच्या मालकीचे आहेत. खाली सही केली, आणि सहीखाली, मला तसा काही अधिकार नसताना, प्रयोगशाळेचं नाव पूर्ण लिहिलं.